नकोसं पोस्टिंग कसं निभवायचं? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता बी.एस्सी. नर्सिंग व जीएनएम या पदविकेच्या मुलामुलींना क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासाठी, घेऊन जाते. नवं रोटेशन, म्हणजे वॉर्डांची नवी पाळी, लागलं की कुणी ना कुणी हळूच येऊन विचारतंच, ‘मॅडम, माझं पोस्टिंग बदलून मिळेल का?’ कुणाला लेबर रूम नको असते, कुणाला सायकियाट्री, तर कुणाला गावातली कम्युनिटी. पुढचे प्रश्न अशाच बोलण्यांतून जमा झालेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा आणि सरकारी-खासगी रुग्णालयांचा विचार करून दिली आहेत.

एक पोस्टिंग अजिबात आवडत नाही. म्हणजे नर्सिंग माझ्यासाठी नाही का?

तसं मुळीच नाही. आयसीयूत हात न थरथरता सक्शन करणाऱ्या सिस्टरांना मुलांच्या वॉर्डात इंट्राकॅथ (शिरेत सलाईनसाठीची नळी) लावताना घाम फुटलेला मी पाहिला आहे. लेबर रूममध्ये अख्खी नोकरी काढलेल्या सिस्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाऊल टाकायला तयार नसतात. या पेशात इतक्या तऱ्हेची कामं आहेत की सगळीच आवडणारा माणूस क्वचित भेटतो.

प्रत्येक पोस्टिंगमध्ये सकाळी उठताना पोटात गोळा येत असेल, रुग्णाला हात लावायचीच इच्छा होत नसेल आणि हे वर्षभर चाललं असेल, तर मात्र घरी आणि मेंटर मॅडमशी मोकळेपणाने बोला. पहिल्याच नावडत्या वॉर्डात, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, असा मोठा निर्णय घेऊ नका. ‘इतकी फी भरलीय’ या दडपणाखाली गप्पही बसू नका.

मला नेमकं काय आवडत नाही, हे कसं ओळखायचं?

सगळ्या उपायांची सुरुवात इथूनच होते. ‘मला तो वॉर्ड आवडत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असू शकतात. एक, भीती: काही चुकेल, रुग्ण मारेल, आजार लागेल. दोन, किळस किंवा चक्कर. तीन, माणसं: इन्चार्ज सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर, आपल्याच ग्रुपमधली मुलगी. आणि चार, जे घडताना दिसतंय ते चुकीचं आहे असं मन सांगत असणं.

ड्युटी संपल्यावर बसमध्ये किंवा हॉस्टेलवर बसून दोन ओळी लिहा: आज सगळ्यात नकोसा क्षण कुठला होता आणि तेव्हा समोर काय चाललं होतं? आठवडाभर लिहिलंत की तक्रार आपोआप उघडी पडते. ‘मला सर्जिकल वॉर्ड नको’ म्हणणाऱ्या मुलीचे सगळे नकोसे क्षण सकाळी नऊच्या राउंडचे निघतात, कारण सर तिला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. अशा वेळी वॉर्ड बदलून काय होणार? आदल्या दिवशी आपल्या दोन रुग्णांचं निदान, ऑपरेशनची तारीख, ड्रेन, चालू औषधं आणि त्यांचे डोस वाचून गेलं की तिची निम्मी अडचण मिटते.

भीतीवर माहिती आणि सराव लागू पडतो, किळसेवर युक्ती आणि सवय. माणसांचा त्रास असेल तर बोलण्याची रीत शिकावी लागते. चौथी तक्रार सगळ्यांत अवघड. तिच्याबद्दल लेबर रूमच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

पोस्टिंग बदलून घेता येतं का? दांड्या मारल्या तर काय होईल?

गरोदरपण, गंभीर ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी असणं किंवा घरात नुकतीच दुर्घटना झालेली असणं, अशा कारणांसाठी रोटेशन पुढे-मागे करून मिळतं. अर्ज लेखी द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि पोस्टिंग सुरू होण्याआधी द्या. ‘आवडत नाही’ एवढ्यावर बदल मिळत नाही, कारण अभ्यासक्रमात प्रत्येक क्षेत्राचे तास ठरलेले आहेत.

दांड्यांचं गणित सोपं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमानुसार परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरून काढावी लागते. म्हणजे चुकवलेली ड्युटी तुम्हाला सुटीत, मैत्रिणी घरी गेलेल्या असताना, त्याच वॉर्डात एकटीने करावी लागते.

सायकियाट्री पोस्टिंगची खूप भीती वाटते. रुग्ण अंगावर आले तर?

आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरीच कॉलेजं मुलांना तिथे नेतात, काही जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात. निघण्याआधीची भीती सिनेमांतून आणि सीनियर्सच्या तिखटमीठ लावलेल्या किश्श्यांतून आलेली असते. प्रत्यक्षात अंगावर येणाऱ्या रुग्णांपेक्षा कुणाशीच न बोलणारे, औषधांनी सुस्तावलेले, घरून कुणी भेटायला न आलेले रुग्ण कितीतरी जास्त भेटतात.

सुरक्षेचे नियम तरीही काटेकोर पाळायचे. ओढणी, लोंबते कानातले, गळ्यातली आयडीची दोरी घालून वॉर्डात जायचं नाही. आयकार्ड क्लिपने लावा. कात्री, ब्लेड, सुटी पेनं खिशात ठेवू नका. बोलायला बसताना दार आपल्या बाजूला असू द्या, रुग्णाला कोपऱ्यात अडकल्यासारखं वाटेल असं बसू नका. कुठल्या रुग्णाजवळ जाताय हे स्टाफ सिस्टरना सांगून जा. रुग्ण येरझाऱ्या घालतोय, मुठी आवळतोय, आवाज चढतोय असं दिसलं की हळू आवाजात बोलत मागे सरा आणि मदत बोलवा. आपला फोन नंबर, हॉस्टेलचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही, कितीही दया आली तरी.

खरी अडचण बोलायचं काय ही असते. एक रुग्ण तुम्हाला सांगतो, ‘सिस्टर, तो पंख्यातून मला शिव्या देतोय.’ तुम्ही ‘असं काही नसतं हो’ म्हटलंत तर तो तुमच्याशी बोलणं बंद करील. ‘हो, मलाही ऐकू येतंय’ म्हटलंत तर त्याचा भ्रम पक्का होईल. म्हणायचं ते असं: ‘मला तो आवाज ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे मला कळतंय. आवाज आल्यावर तुम्ही काय करता?’ मग थांबायचं. शांतता भरून काढायची घाई करायची नाही. तो कदाचित म्हणेल, ‘कानात कापूस घालतो.’ झालं, तुमच्या प्रोसेस रेकॉर्डिंगची, म्हणजे रुग्णाशी झालेल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीची, सुरुवात झाली आणि मेंटल स्टेटस एक्झामिनेशनमधल्या (मानसिक स्थितीच्या तपासणीतल्या) पर्सेप्शनच्या, म्हणजे भासांच्या, रकान्यात लिहायला खरं वाक्यही मिळालं.

रोज ‘मला घरी सोडा’ म्हणणारा रुग्ण हमखास भेटतो. त्याला ‘उद्या सोडतील हं’ असं खोटं आश्वासन कधीच देऊ नका. उद्या तो तुमचीच वाट बघत असतो. ‘ते डॉक्टर ठरवतात. तुम्हाला घरची आठवण येतेय ना? घरी कोण कोण असतं?’ एवढं पुरतं.

ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार, बघायची भीती बऱ्याच जणांना असते. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, 2017 नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर बंदी आहे. त्यामुळे सिनेमातल्यासारखं झटके देत तडफडणारं दृश्य तुम्हाला दिसणार नाही. रुग्ण उपाशी आहे ना, कवळी काढली आहे ना, संमतीपत्र आहे ना, हे तपासणं आणि नंतर शुद्धीवर येताना त्याच्याजवळ थांबून ‘तुम्ही वॉर्डात आहात, सगळं ठीक आहे’ असं सांगणं हे नर्सचं काम. ते मागून घ्या.

लेबर रूममध्ये बायकांवर ओरडतात, कधी मांडीवर चापटही मारतात. मला बघवत नाही आणि काही बोलताही येत नाही.

तुम्हाला बघवत नाही, हे चांगलं लक्षण आहे. ते बोथट होऊ देऊ नका. कळा सोसणाऱ्या बाईवर हात उगारणं किंवा ‘तेव्हा बरं वाटलं होतं ना’ असले टोमणे मारणं चूकच आहे, मग ड्युटीवर कितीही ताण असो. केंद्र सरकारच्या 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूममधल्या सन्मानाच्या वागणुकीचा आग्रह आहे आणि प्रसूतीच्या वेळी सोबतीला घरची एक बाई असू देण्याचाही. म्हणजे तुमचं मन जे सांगतंय तेच सरकारी धोरणही सांगतं.

विद्यार्थिनी म्हणून तिथल्या तिथे सिस्टरना अडवणं बहुतेकींना जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पण टेबलाच्या डोक्याच्या बाजूची जागा सहसा रिकामी असते. सगळे पायाकडे उभे असतात. तुम्ही डोक्याशी उभ्या राहा. तिचा हात धरा, तिला तिच्या नावाने हाक मारा. ‘ताई, कळ आली की हनुवटी छातीला लावा आणि जोर खाली द्या. कळ गेली, आता सोडा. लांब श्वास घ्या.’ ओठ ओले करा, कपाळ पुसा, चादर सरकली असेल तर अंगावर घ्या, पडदा ओढा. ती बाई ओरडायची थांबते, मग तिच्यावर ओरडणाऱ्यांचाही आवाज खाली येतो. मी हे फार वेळा होताना पाहिलं आहे आणि माझ्या मते लेबर रूममध्ये विद्यार्थिनीला करता येण्यासारखं याहून मोलाचं काम दुसरं नाही.

ड्युटी संपल्यावर तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना जे पाहिलं ते वेळेसकट सांगा. सांगताना माणसाबद्दल मत देऊ नका, घटना सांगा: ‘साडेअकराच्या सुमारास, दुसऱ्या टेबलवर, असं म्हटलं गेलं, असं केलं गेलं.’ वॉर्डात जाऊन बोलणं मॅडमचं काम. त्यांनी टाळाटाळ केली तर प्राचार्यांकडे जा, एकटीने नको, दोघी-तिघी मिळून जा. रुग्णाचं नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, स्टेटसला तर नाहीच.

एरवी लेबर रूममधला कंटाळा आणि धास्ती कमी करायची असेल तर पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता, भरायची जबाबदारी मागा. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाने, बीपी व तापमान चार तासांनी. एका बाईचा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरलात की नुसतं भिंतीला टेकून उभं राहणं संपतं. ठोके 110 च्या खाली किंवा 160 च्या वर गेल्याचं सगळ्यांत आधी तुम्हीच सांगता, आणि मग सिस्टरही तुम्हाला नावाने ओळखू लागतात.

मी मुलगा आहे. लेबर रूममध्ये आणि एएनसी (गरोदर बायकांच्या तपासणीच्या) ओपीडीत मला सगळे बाहेर काढतात.

अवघड वाटतं, मान्य. पण तास आणि लॉगबुक तुम्हालाही पूर्ण करायचं आहे. प्रत्येक वेळी आधी बाईला विचारा: ‘मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे, सिस्टर सोबत आहेत, मी तुमचं बीपी घेऊन बाळाचे ठोके ऐकू का?’ नाही म्हणाली तर वाद न घालता मागे या, तो तिचा हक्क आहे. सोबत महिला स्टाफ किंवा मैत्रीण असल्याशिवाय तपासणी करू नका. मॅडमना पहिल्याच दिवशी इन्चार्जशी बोलून ठेवायला सांगा, म्हणजे दारातूनच परत पाठवलं जाणार नाही. जन्मलेल्या बाळाचं काम, म्हणजे पुसणं, उबेत ठेवणं, वजन, व्हिटॅमिन के, स्तनपानाची वेळ नोंदवणं, यात कुणी हरकत घेत नाही. ते मनापासून शिका.

जखमांचा वास सहन होत नाही. ओटीत तर पहिल्याच दिवशी चक्कर आली.

पहिल्यांदा ओटीत चक्कर येणारे तुम्ही एकटे नाही. बहुतेक वेळा रिकामं पोट, गरम गाऊन-मास्क आणि गुडघे ताठ ठेवून तासभर उभं राहणं ही कारणं असतात. नाश्ता करून जा, पाणी प्या, उभं असताना पायाच्या बोटांवर थोडं वर-खाली होत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली की लाजू नका. स्टराईल ट्रॉलीपासून मागे सरा, ‘मला चक्कर येतेय’ असं मोठ्याने सांगा आणि तिथेच खाली बसा. उभ्याने दारापर्यंत जायच्या नादात मुलं पडतात.

वासासाठी मास्कच्या बाहेरच्या बाजूला थोडं विक्स लावण्याची वॉर्डातली जुनी युक्ती चालते. त्याहून उपयोगी म्हणजे हाताला काम देणं. नुसतं बघत उभं राहिलं की किळस वाढते. मधुमेहाने चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग घ्या. जुना गॉज जखमेला चिकटलेला असतो. तो खेचायचा नाही. त्यावर नॉर्मल सलाईन टाकून थांबायचं, मग कडेने अलगद सोडवत यायचं. जखमेची लांबी-रुंदी मोजा, तळ लाल आहे की पिवळट की काळा, कडा कशा, स्राव किती, हे लिहा. चार दिवसांनी त्याच पायावर लाल दाणेदार पेशी दिसू लागल्या की तुम्ही वास विसरून मोजपट्टी शोधू लागता. आणि हो, ड्रेसिंग करताना नाक मुरडू नका. रुग्ण स्वतःच्या पायाकडे बघत नसतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

ओटीत उभं राहून कंटाळा येत असेल तर काउंटकडे लक्ष द्या. सुरुवातीला, आत शिवण्याआधी आणि शेवटी मॉप (रक्त टिपायचे कपडे), सुया, हत्यारं मोजली जातात. परिचारिकेने काउंट जुळत नाही असं सांगितलं की सर्जनलाही थांबावं लागतं.

इन्चार्ज सिस्टर सारख्या ओरडतात. काही विचारलं तर ‘कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला’ म्हणतात.

ज्या वॉर्डात एका सिस्टरकडे कितीतरी रुग्ण असतात, तिथे दर महिन्याला नवी मुलं येतात आणि ट्रॉली कुठे आहे इथपासून विचारतात. हे समजून घ्या. अपमान गिळा, असं मात्र मी म्हणत नाही.

पहिल्या सकाळी हँडओव्हरच्या आधी पोहोचा आणि एका दमात सांगा: ‘सिस्टर, मी थर्ड इयरची. आज माझ्याकडे सात आणि आठ नंबर बेड आहेत. मी स्पंज, बॅक केअर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), आरटी फीड (नाकातल्या नळीने भरवणं) करीन. कॅथेटर आजवर फक्त पाहिलाय, आज असेल तर तुमच्यासोबत करायला आवडेल.’ तुम्हाला काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना कळलं की त्यांचं निम्मं चिडणं थांबतं. प्रश्न औषधं वाटण्याच्या वेळी विचारू नका, साठवून ठेवा आणि चहाच्या वेळी विचारा. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांशी नीट वागा. बेडपॅन कुठे, चादरी कधी येतात, कुठला नातेवाईक भडकलाय, हे त्यांनाच ठाऊक असतं.

ओरडणं रुग्णासमोर आणि जातीवरून, रंगावरून, घरच्या परिस्थितीवरून होत असेल, तर ते ‘सिस्टर जरा कडक आहेत’ या सदरात बसत नाही. तारीख घालून लिहून ठेवा आणि कॉलेजला लेखी द्या. सीनियर विद्यार्थ्यांकडून छळ होत असेल तर महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि देशपातळीवरची हेल्पलाइन 1800-180-5522 आहे.

दिवसभर फक्त टीपीआर आणि बीपी घेते. काहीच शिकत नाही असं वाटतं.

ही तक्रार खरी आहे. विद्यार्थ्यांना स्टाफची कमतरता भरून काढायला वापरलं जातं आणि कॉलेजांनी त्यावर बोलायला हवं. पण तोवर तुमचे तास वाया जाऊ देऊ नका. वीस जणांचं बीपी घेताना एकाचं निवडा आणि विचारा: कालपेक्षा कमी का? लघवी किती झाली? सकाळी कुठली गोळी दिली? केस शीट उघडा, ड्रग बुक उघडा. नाडी वाढतेय आणि बीपी उतरतंय हे ऑपरेशन झालेल्या रुग्णात दिसलं तर आतून रक्तस्राव होत असू शकतो, आणि ते पहिल्यांदा तुमच्याच कागदावर उमटतं. न मोजता ‘श्वास 20’ असं सगळ्यांना लिहिण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. एक मिनिट घड्याळ लावून मोजा.

‘जा, तूच इंजेक्शन देऊन ये’ असं सांगतात. मी एकटीने कधी दिलेलं नाही.

नाही म्हणा. विद्यार्थ्याने औषध द्यायचं ते नोंदणीकृत नर्सच्या किंवा इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखालीच. म्हणायचं असं: ‘सिस्टर, मी भरून आणते, लेबल तुम्ही बघा आणि देताना जवळ थांबा.’ यात उर्मटपणा नाही. पोटॅशियम क्लोराईड, इन्सुलिन, हेपारिन आणि मुलांचे डोस यांबाबत तर अजिबात तडजोड नको.

कम्युनिटी पोस्टिंग म्हणजे उन्हात फिरणं आणि रजिस्टर भरणं. त्यात नर्सिंग कुठे आहे?

माझ्या दृष्टीने ते तिथेच सगळ्यात जास्त आहे, पण आशाताईंच्या मागे गेलात तरच दिसतं. उपकेंद्रात बसून रजिस्टर उतरवत राहिलात तर कंटाळा येणारच. बाळंतिणीच्या घरभेटीला त्यांच्यासोबत जा. बाळ जन्मल्यावर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई घरी जातात. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यातून बालमृत्यू घटले आणि 1999 मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

घरात गेल्यावर बघा: आशाताई आधी हात धुतात, मग बाळाचं वजन झोळीच्या काट्यावर करतात, काखेत थर्मामीटर लावतात, पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोक्याची खूण. आजी मध्येच सांगते की पहिलं चिकाचं दूध पिळून टाकलं, मध चाटवला. आता बोलायचं तुम्ही, आणि आजीचा मान राखून बोलायचं. वॉर्डातल्या एसीत हे संभाषण कुणी शिकवत नाही.

टोपी, पाण्याची बाटली आणि बंद बूट एवढं सोबत ठेवा. बॅग टेक्निकसाठी, म्हणजे घरभेटीत बॅग स्वच्छ ठेवून वापरण्यासाठी, जुनं वर्तमानपत्र बॅगेत असतंच, ते चार जास्त घ्या.

आमच्या वॉर्डातले रुग्ण बरे होतच नाहीत. काही समोर गेले. मन लागत नाही.

कॅन्सर, लकवा, किडनी निकामी झालेले, कोमातले रुग्ण, यांच्या वॉर्डात ‘बरं करणं’ हे एकच माप लावलं तर रोज हरल्यासारखं वाटतं. मुंबईच्या केईएममध्ये 1973 साली परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. त्यानंतर 2015 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, चार दशकांहून जास्त काळ, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली. त्यांना बेडसोर होऊ दिला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोरही आली. त्या बऱ्या होणार नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, भरवणं, तोंड स्वच्छ करणं, हेच ते काम, जे तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

पहिला मृत्यू पाहिल्यावर सुन्न व्हायला होतं. त्या दिवशी शेवटची सेवा, म्हणजे डोळे मिटणं, नळ्या काढणं, अंग पुसणं, स्टाफसोबत केलीत तर बऱ्याच जणांना थोडं हलकं वाटतं. नको वाटत असेल तर नाही म्हणा. संध्याकाळी कुणाशी तरी बोला, एकटे झोपू नका.

टीबी वॉर्डात आजार लागेल का? सुई टोचली तर?

टीबी वॉर्डात नीट बसलेला एन-95 लावा, खिडक्या उघड्या ठेवा, खोकणाऱ्या रुग्णाला तोंड झाकायला शिकवा. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात वर्षानुवर्षं काम करणारे कर्मचारी आहेत, ते याच शिस्तीवर. पोस्टिंग सुरू होण्याआधी हेपटायटिस-बी लशीचे तिन्ही डोस झालेत का, हे तपासा.

सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच, खरंच लगेच, इन्चार्ज व मॅडमना सांगा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्य तर दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. ‘मॅडम रागावतील’ म्हणून रात्रभर लपवून ठेवणं सगळ्यात धोक्याचं. सुईला पुन्हा टोपण लावू नका, थेट पांढऱ्या डब्यात टाका.

एखादा नातेवाईक, डॉक्टर किंवा कर्मचारी मुद्दाम स्पर्श करतो, घाणेरडं बोलतो. पोस्टिंग संपेपर्यंत सहन करू का?

एक दिवसही नाही. त्या क्षणी मोठ्याने ‘हात काढा’ म्हणा, तिथून निघा, सोबतच्या मुलीला सांगा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या 2013 च्या कायद्यानुसार रुग्णालयात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, प्रशिक्षणार्थींनाही तिथे दाद मागता येते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. वॉर्ड तातडीने बदलून मागण्याचं हे पूर्ण रास्त कारण आहे आणि कॉलेजने ते मान्य केलंच पाहिजे.

रोज रडू येतं, झोप लागत नाही, ड्युटीच्या विचाराने उलटी होते.

दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर हा फक्त पोस्टिंगचा प्रश्न राहिलेला नाही. कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली-मानस’चा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता, वाचता वाचता, फोन करा किंवा शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचं दार वाजवा. रुग्णाला आपण हेच सांगितलं असतं.

शेवटचा आठवडा उरलाय. आता काय करू?

लॉगबुक काढा. राहिलेल्या प्रोसिजरची यादी करून ती सोमवारीच इन्चार्ज सिस्टरना दाखवा, शनिवारी नको, कारण शनिवारी त्यांचा ऑफ असू शकतो. केस स्टडीचा रुग्ण अचानक डिस्चार्ज होतो, म्हणून तपासण्यांचे आकडे आणि औषधांची यादी आजच उतरवून घ्या, नाव न लिहिता. सह्या पेनाने, तारखेसकट घ्या आणि पानांचे फोटो काढून ठेवा, कारण हॉस्टेल बदलताना लॉगबुकं हरवतात. पुढच्या बॅचमधल्या एखाद्या घाबरलेल्या मुलीला त्या वॉर्डातली ट्रॉली, लिनन रूम आणि हँडओव्हरची खरी वेळ सांगून जा.